पाहुण्यांचा उजेड

भाताची झोडणी उरकली, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या, की आमच्या भागातल्या शेतांना दुसराच उद्योग लागतो. रस्त्याकडेचं एखादं सपाट शेत धरायचं, भाताचे बुडखे खणून काढायचे, टँकरने पाणी मारायचं, दोन दिवस रोलर फिरवायचा आणि मधोमध चुन्याने कबड्डीचं मैदान आखायचं. चार कोपऱ्यांना चार खांब, खांबांवर दिवे. एका बाजूला व्यासपीठ, आणि ते बहुतेक वेळा मैदानापेक्षा मोठं. काल शाळेतून येताना हे सगळं पुन्हा सुरू झालेलं दिसलं. पाणी मारलेल्या मातीचा वास रस्त्यापर्यंत आला होता. इतका चांगला वास आणि त्याच्या मागोमाग इतकी सुमार माणसं येतात, याचं मला दरवर्षी वाईट वाटतं.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. मुलांवर सहसा ओरडत नाही. मोठ्या माणसांविषयी मात्र मला चटकन तुच्छता वाटते आणि ती तोंडावर दिसते, असं माझा भाऊ म्हणतो. भाऊ न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात कामाला आहे, आठवड्याने घरी येतो. घरात मी, वहिनी आणि भावाची मुलगी करुणा. करुणा कबड्डी खेळते. चढाई करणारी आहे. आमच्या बुद्धविहारामागच्या मोकळ्या जागेत मुलींचा संघ रोज संध्याकाळी सराव करतो. तिथे दिवे नाहीत. अंधार पडला की मुली एकमेकींना आवाजावरून ओळखून खेळतात आणि मग घरोघर पांगतात.

मला जो हंगाम सारखा आठवतो तो गेल्याच्या गेल्या वर्षीचा. त्या हिवाळ्यात मी कॅमेरा घेतला.

त्याचं कारण कपाटात होतं. मीही शाळेत असताना कबड्डी खेळायचे. चार वर्षं खेळले, त्याचा एकच फोटो आहे, बक्षीस घेतानाचा. त्यात पाहुण्यांचं पोट आहे, पोटावर हार आहे, हारापुढे ढाल आहे, आणि ढालीच्या वर माझे दोन डोळे आहेत. करुणा तेव्हा कॉलेजात. तिच्या मोबाइलमध्ये तिचे चाळीसेक फोटो होते आणि चाळीसही ह्याच जातीचे. मुली ओळीत उभ्या, पुढे पाहुणे. मुलींच्या अंगावरची माती झटकलेली, केस सारखे केलेले. या मुली थोड्या वेळापूर्वी काय करत होत्या याचा त्यात मागमूस नाही. एखाद्या सभेला आल्या असाव्यात असं वाटावं.

दर स्पर्धेला एक स्टुडिओवाला असे. गळ्यात दोन कॅमेरे, अंगावर खिशांचं जाकीट. पाहुणे गाडीतून उतरताना, पाहुणे नारळ वाढवताना, पाहुणे कोणाच्या तरी कानात बोलताना, असे तो दीडदोनशे फोटो काढी. मग शिट्टी वाजे, सामना सुरू होई, आणि हा गृहस्थ जेवायला जाई. मी एकदा त्याला गाठलं.

"मुलींचा खेळतानाचा एखादा फोटो मिळेल का?"

"खेळतानाचा कशाला, बाई? त्यात तोंड धड येत न्हाय. बक्षीस घेताना काढलाय ना मी, हसरा."

त्या आठवड्यात मी पनवेलला गेले. दुकानातल्या मुलाने विचारलं, कशासाठी हवाय, घरगुती की प्रवासाला? मी म्हटलं, कबड्डीसाठी, रात्रीच्या. त्याने मालकाला बोलावलं. मालकाने माझ्या चपलांकडे पाहिलं आणि म्हणाला, मॅडम, रात्रीचा खेळ काढायला मोठी लेन्स लागते, शिकायच्या कॅमेऱ्यात ते होणार नाही. त्याचं म्हणणं अर्धं खरं होतं. पण चपलांकडे पाहून सांगितलेलं खरंही मला खपत नाही. मी शिकायचाच कॅमेरा घेतला, त्याच्याबरोबर येते तीच लेन्स घेतली आणि घरी आले.

पहिल्या स्पर्धेत माझी शोभा झाली. कॅमेऱ्याचं चाक हिरव्या खुणेवर होतं, म्हणजे सगळं त्याच्या अकलेवर सोपवलेलं. करुणा चढाईला गेली, मी बटण दाबलं आणि कॅमेऱ्याच्या डोक्यावरून टपकन फ्लॅश उघडून चमकला. पंचांनी शिट्टी मारून खेळ थांबवला. "कोण हाय ते? पोरींच्या डोळ्यांवर येतो." सगळं मैदान माझ्याकडे वळलं. निवेदकाने माइकवरून बाईंना विनंती केली. स्टुडिओवाला व्यासपीठाच्या पायरीवर बसून भजी खात होता. तो हसला.

फ्लॅश बंद केल्यावर जे निघालं ते आणखी वाईट. मुलगी म्हणून पांढरट धुराचा एक लोळ, त्याला पाच हात आणि तोंड नाही. बाकी सगळं स्वच्छ आलं होतं. चुन्याची रेघ स्वच्छ. खांब स्वच्छ. मागचे सोफे, सोफ्यांपुढची टेबलं, टेबलांवरच्या पाण्याच्या बाटल्या, त्यांच्यामागे मांडीवर मोबाइल घेऊन बसलेले मान्यवर, सगळे अगदी स्वच्छ. जे हलत नव्हतं ते सगळं आलं होतं.

मी घरी शिकले. वहिनी रात्री ट्यूबलाइटखाली तांदूळ पाखडत बसे, तिच्यापुढे मी कॅमेरा घेऊन बसले. सुपातून तांदूळ वर उडतो आणि खाली येतो. कॅमेऱ्याचा पडदा किती वेळ उघडा ठेवायचा ते आपल्या हातात असतं. सेकंदाचा तिसावा भाग उघडा ठेवला तर हवेतल्या तांदळाच्या नुसत्या पांढऱ्या रेघा. सव्वाशेवा ठेवला तर रेघा तुटक झाल्या. पाचशेवा ठेवला तेव्हा एकेक दाणा हवेत वेगळा थांबला, पण फोटो काळाकुट्ट आला, कारण एवढ्या थोड्या वेळात उजेड आत येतच नाही. मग कॅमेऱ्याची उजेडाची भूक वाढवावी लागते. ती वाढवली की फोटोवर रवा सांडल्यासारखे ठिपके येतात. ठिपके चालतील असं मी ठरवलं. तोंड नसण्यापेक्षा रवाळ तोंड बरं.

"किती वेळ पाखडू गं? कधीच निवडून झालेत हे," वहिनी म्हणे. मी म्हणे, आणखी थोडं. आठ दिवस आमच्या घरी एकही खडा लागला नाही.

दुसरी गोष्ट कळली ती अशी, की लांबून झूमने ओढून काढायचं नाही. साधी लेन्स पुढे ओढली की तिचं भोक लहान होतं आणि उजेड आणखी घटतो. तेव्हा लेन्स मागे ठेवायची आणि आपण पुढे जायचं, अगदी रेषेच्या कडेला मातीत बसायचं. तिसरी गोष्ट, पळणाऱ्या मुलीच्या मागे कॅमेरा फिरवत बसायचं नाही, अंधारात तो गोंधळतो. ती कुठे येणार ते आधी ठरवायचं, त्या जागेवर कॅमेरा जुळवून ठेवायचा आणि वाट पाहायची. चढाई करणारी शेवटी मध्यरेषेकडे परत येतेच. तिला दुसरीकडे जाऊन चालत नाही. मी मध्यरेषेच्या टोकाला बसायला लागले. गुडघे दुखत, साडीला चुना लागे. नंतर पंजाबी ड्रेस घालायला लागले.

एवढं सगळं शिकल्यावर मला कळलं की आमच्या मुलींना उजेडच देत नाहीत.

तोवर मी कधी खांब मोजले नव्हते. मुलींचे सामने संध्याकाळी संपवून टाकायचे, नाहीतर पार शेवटी ढकलायचे, आणि त्यांच्या वेळी चारांपैकी दोनच खांब लावायचे. जनरेटरला डिझेल लागतं ना. पुरुषांचा सामना आला की चारही लागत आणि निवेदकाच्या अंगात येई. पुरुषांना तो नावाने हाक मारायचा, कोणाची चढाई कशी, कोणाचा काका कसा खेळायचा, सगळं त्याला पाठ. मुलींसाठी त्याच्याकडे एकच शब्द होता, रणरागिणी. करुणाही रणरागिणी, तिला पकडणारीही रणरागिणी, पाणी घेऊन येणारीही रणरागिणी. नाव ठाऊक नसलं की शब्द मोठा वापरायचा, हे मी शाळेच्या तपासणीला येणाऱ्या साहेबांमध्येही पाहिलंय.

त्या हंगामात सहा गावांना गेलो. टेम्पोत मुली मागे, मी चालकाशेजारी, मांडीवर कॅमेऱ्याची पिशवी. खाडीवरच्या पुलावर गार वारा लागे आणि मागे मुलींची गाणी बंद होत. प्रत्येक गावी तेच व्यासपीठ, तेच सोफे, तीच मुरमुऱ्याची भेळ, आणि माझ्याकडे पाहून तेच हसणं. स्टुडिओवाला तर आता जवळ येऊन माझ्या कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनमध्ये डोकावत असे. "बाई, हे काय, भुतं काढलीत का?" एकदा मी त्याला विचारलं, तुमच्या कॅमेऱ्यात रात्री खेळ नीट येतो ना? म्हणाला, येतो की. मग काढत का नाही? त्यावर तो मला समजावायला लागला. "बाई, फोटो कोण मागतो ते बघून काढायचा असतो." मला त्याचं ते उत्तर आजही आठवतं. त्याने काही लपवलं नाही. त्याला लाजही वाटली नाही.

शाळेतले एक सर मला म्हणाले, कशाला त्या यंत्राच्या मागे लागता, डोळ्यांनी बघा, डोळ्यांसारखा कॅमेरा नाही. ही वाक्यं बोलणाऱ्या माणसांच्या घरी भिंतभर फोटो असतात. माझ्या आईने माझे सगळे सामने डोळ्यांनीच पाहिले होते. आई गेली. आता मी कशी खेळायचे ते कोणी सांगू शकत नाही. मला स्वतःलाही नीट सांगता येत नाही. करुणाच्या बाबतीत मी ते होऊ देणार नव्हते. सरांकडे मी नुसतं पाहिलं. त्यांनी विषय बदलला.

शेवटची स्पर्धा खाडीपलीकडच्या एका गावात होती. थंडी कडाक्याची, दव इतकं की खुर्च्या ओल्या. आमच्या मुली उपांत्य फेरीत आल्या होत्या. समोरचा संघ मुरूडकडचा. त्यांच्या डाव्या कोपऱ्याला नीलम नावाची मुलगी उभी राहायची, बुटकी, रुंद खांद्यांची. घोटा धरला की सोडत नसे. करुणा तिला घाबरायची आणि तिच्याविषयी सारखं बोलायची. पुरुषांचा अंतिम सामना मागे ठेवून आधी हा सामना लावला होता, कारण पाहुणे यायचे होते आणि तोवर लोकांना बसवून ठेवायला काहीतरी हवं होतं.

दोनच खांब लागले. तेही पलीकडचे. मध्यरेषेवर निम्मा काळोख. मी उठून मंडळाच्या अध्यक्षांकडे गेले. अध्यक्ष म्हणजे पन्नाशीचा माणूस, पांढरा शर्ट, कानाला सतत फोन.

"अध्यक्ष, बाकीचे दोन खांब लावता का?"

"बाई, दोन लायटीत दिसतंय की पोरींना. त्यांनी कुठं काय म्हटलंय?"

"मला फोटो काढायचेत."

"आपला फोटोग्राफर हाय ना."

"तो जेवतोय."

ते हसले. "पावणे येऊ द्या. पावणे आले की चारी लावतो. तुम्ही काढा मग काय काढायचे ते."

मी परत मातीत जाऊन बसले. आणि आता जे सांगते ते सांगायला मला जड जातं. मी पाहुण्यांची वाट पाहायला लागले. आयुष्यभर ज्या माणसांचा तिटकारा केला त्यांच्यातलं एखादं लवकर यावं म्हणून मी रस्त्याकडे बघत होते. सामना रंगला होता. करुणाने पहिल्या डावात पाच गुण आणले होते, अंगातून वाफा निघत होत्या, आणि मी मनात म्हणत होते, आत्ता नको, थोडं थांब, अजून उजेड नाही.

दुसऱ्या डावात गाड्यांचे दिवे दिसले. फटाके वाजले. चारही खांब एकदम पेटले, मैदान दुपारसारखं पांढरं झालं, आणि पंचांनी सामना थांबवला. पाहुण्यांचा सत्कार. अध्यक्षांचं भाषण. पाहुण्यांचं भाषण, त्यात आपल्या मातीतला खेळ. दोन्ही संघांना ओळीत उभं केलं आणि पाहुणे हात मिळवत निघाले. वीसेक मिनिटं मुली हाफ पँट आणि टी-शर्टवर दवात उभ्या होत्या. करुणा हाताने दंड चोळत होती. स्टुडिओवाला मन लावून काम करत होता.

मग पाहुणे सोफ्यावर बसले, शिट्टी झाली आणि खेळ जिथे थांबला होता तिथून सुरू झाला. अंग गरम करायला एक मिनिटही दिलं नाही. करुणाची चढाई होती. मी मध्यरेषेच्या टोकाला, कॅमेरा रेषेवर जुळवलेला, पडदा सेकंदाच्या पाचशेव्या भागावर, आणि उजेड भरपूर. करुणा उजवीकडे गेली, तिथून त्यांचा डावा कोपरा गाठला, नीलमच्या हाताला निसटता स्पर्श केला आणि वळली. मी बटण दाबून धरलं. आठदहा फोटो लागोपाठ निघाले, खटखटखट. नीलम तिच्या कमरेवर आली, दोघी पडल्या आणि करुणाचा आवाज आला. तो आवाज मी ओळखला. दम लागल्याचा तो नव्हता.

मुलींनी तिला उचललं. माइकवर रणरागिणीला किरकोळ दुखापत झाल्याचं सांगितलं. टेम्पो सुरू होऊन आम्ही रस्त्याला लागलो तेव्हा मागे वळून पाहिलं. पाहुण्यांच्या गाड्याही निघाल्या होत्या आणि मैदानाचे दोन खांब विझले होते.

गुडघ्याच्या आतला दोर तुटला होता. पनवेलला शस्त्रक्रिया झाली. भाऊ रजा टाकून आला, खाटेच्या पायथ्याशी बसून राहिला. "आता बस झाली कबड्डी," एवढंच म्हणाला. करुणा भिंतीकडे तोंड करून पडली होती.

मला दोष द्यायला माणूस हवं होतं आणि ते आयतं होतं. नीलम. मी नीलमला काय काय म्हणाले. शाळेत, टेम्पोवाल्यापाशी, भेटायला येणाऱ्या प्रत्येकापाशी. मुद्दाम पाय मोडायला शिकवतात या मुलींना, खेळ नव्हे तो, धटिंगणपणा. लोक माना डोलवत. आमच्या संघातल्या मुलींनी तिला मेसेज करून नको ते लिहिलं. मला ते कळलं तेव्हा मी काही बोलले नाही. शिक्षिका असून बोलले नाही.

कॅमेरा पिशवीतच होता. महिन्याभराने एका दुपारी मी ते फोटो उघडले. आठदहांतले बरेचसे गेलेले होते. एक आला होता.

तसा फोटो मला पुन्हा काढता आला नाही. करुणाचं तोंड पूर्ण उघडं, दात दिसतायत, कपाळावर ओली माती. एक हात मध्यरेषेकडे फेकलेला, बोटं रेषेपासून वीतभर लांब. पायाखालून उडालेल्या मातीचा एकेक खडा वेगळा. हसरा मुळीच नाही. माझ्या भाचीला मी असं कधी पाहिलं नव्हतं, रोज जेवायला वाढत असूनही. मी किती वेळ नुसती पाहत राहिले. मग तिच्या मागे पाहिलं. नीलम झेपावत होती, आणि नीलमचा हात आणि करुणाची कंबर यांच्यात चांगली टीचभर मोकळी हवा होती. त्या मोकळ्या हवेतून पलीकडचा खांब दिसत होता. आणि करुणाचा डावा गुडघा आत वळून कोसळलेला होता. कोणी हात लावायच्या आधीच.

मी तो फोटो दोन दिवस दाखवला नाही. महिनाभर जे बोलत होते ते गिळायला दोन दिवस लागले. मग दाखवला. करुणाने मोबाइलवर तो बोटांनी मोठा केला, लहान केला, परत मोठा केला.

"आत्या, हिने धरलंच नव्हतं मला."

"नाही."

"तू किती बोललीस तिला."

मी तिची उशी सारखी करायला लागले.

"फोन लाव तिला," ती म्हणाली. "नको, मीच लावते." आणि माझ्यासमोर तिने नीलमला फोन लावला. फोटोत काय दिसतं ते सांगितलं. पलीकडून रडण्याचा आवाज आला. करुणा म्हणाली, "रडू नको गं. तू पुढच्या वर्षी मला धरूनच दाखव." नंतर फोन माझ्या हातात दिला. मी नीलमची माफी मागितली. ती म्हणाली, "असू दे, बाई." माझ्याहून तीस वर्षांनी लहान मुलगी, आणि मला दोन शब्दांत मोकळं केलं. त्याची मला आजही लाज वाटते.

गुडघा दाखवायला गेलो तेव्हा करुणाने तो फोटो डॉक्टरांपुढे धरला. डॉक्टर कमी बोलणारे. त्यांनी चष्मा वर केला, फोटो मोठा केला आणि गुडघ्यावर बोट ठेवलं. "इथे. पाऊल सरळ पडलंय आणि गुडघा आत गेलाय. तुमच्या मुली वळताना असंच वळतात का?" करुणा म्हणाली, सगळ्याच. "सामन्याआधी अंग गरम केलं होतं?" मी त्यांना सत्काराचं सांगितलं. त्यांनी वीस मिनिटं हा आकडा स्वतःशी परत म्हटला. त्यामुळेच झालं असं नाही म्हणता येणार, म्हणाले, पण मदत नक्कीच झाली. मग त्यांनी कागदावर तिला पाय कसा टाकायचा ते काढून दिलं. फोटो छान आहे, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. त्या फोटोकडे नीट पाहणारा तो पहिला माणूस.

परतीच्या एसटीत मला ते पुन्हा आठवलं. ते वीस मिनिटं उभं राहणं, आणि तेवढा वेळ मी मातीत बसून मनातून खूश होते. उजेड आला म्हणून. पाहुण्यांच्या उजेडात मला माझा फोटो मिळाला. अध्यक्षांचा, पाहुण्यांचा, त्या भजीखाऊचा मी आजही तिरस्कार करते आणि करत राहीन, पण त्या रांगेत शेवटी मीही उभी आहे, गळ्यात कॅमेरा घालून.

मागचा हंगाम करुणा घरी बसून होती. भिंतीला पाठ लावून, पायात रबराची पट्टी ताणत. लांबून निवेदकाचा आवाज येई तेव्हा ती खिडकी लावून घेई. भावाचा विरोध होता, तिचा हट्ट होता, आणि वहिनी दोघांना वेगवेगळ्या वेळी जेवायला वाढत होती. या पावसाळ्यानंतर तिने पुन्हा पळायला सुरुवात केली. भावाने यार्डातून येताना तिला गुडघ्याचा पट्टा आणला.

दिवाळीनंतर तेच अध्यक्ष आमच्या दारात. "बाई, तुमच्याकडं पोरीचा फोटो हाय म्हणे एक नंबर. यंदाच्या बॅनरला पाहिजे."

"मुलींच्या सामन्याला पहिल्यापासून चारही खांब लावणार का?"

"बाई, आता एका फोटोपायी..."

"आणि सामना चालू असताना सत्कार नाही."

"ते माझ्या हातात न्हाय."

"मग फोटोही तुमच्या हातात नाही."

ते चहा न घेता गेले. मला फार बरं वाटलं. चार दिवस बरं वाटत होतं.

आज सकाळी करुणाला मागे बसवून स्कूटरने निघाले होते. नाक्यावर तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "थांब जरा." कडेला बॅनर लागला होता, थेट जमिनीपासून दुमजली घराएवढा. माझाच फोटो. करुणाने कधीतरी स्टेटसला ठेवला होता, तिथून उचलला असणार. वरच्या बाजूला गोलात पाहुणे, बाजूच्या लहान गोलांत अध्यक्ष आणि कार्यकारिणी. गोल बसवायला जागा हवी म्हणून करुणाचं डोकं कापलं होतं. ज्या तोंडासाठी मी सहा गावं मातीत बसले, तिथे पाहुणे हात जोडून हसत होते. नीलमही गेली होती. उरलं होतं कमरेखालचं अंग, उडालेली माती आणि गुडघा. गुडघा माझ्या घराच्या दाराएवढा.

माझ्या डोक्यात काय काय आलं. पोलिसात जावं, कात्री आणावी, अध्यक्षांच्या घरी जाऊन बायकामुलांसमोर बोलावं. मी स्कूटर स्टँडला लावली आणि शब्द जुळवायला लागले. करुणा माझ्याकडे बघतच नव्हती. ती बॅनरच्या अगदी जवळ गेली होती, मान वर करून.

"आत्या, मोबाइलवर एवढं कळलंच नव्हतं. बघ ना, किती आत गेलाय."

तिच्या संघातल्या दोघीतिघी कॉलेजची गाडी पकडायला नाक्यावर उभ्या होत्या. तिने त्यांना हाक मारली. त्या आल्या, आधी वरचे गोल पाहून तोंडावर हात ठेवून हसल्या, मग करुणाच्या बोटाकडे पाहायला लागल्या. ती कापडावर बोट ठेवून सांगत होती. हे पाऊल बघा कुठं पडलंय. हा गुडघा बघा कुठं चाललाय. वजन सगळं आतल्या बाजूला. तुम्ही पण अश्शाच वळता, रोज बघते मी.

"मग कसं टाकायचा पाय?" एकीने विचारलं.

करुणाने दप्तर माझ्याकडे दिलं. चपला काढून बॅनरखाली ठेवल्या आणि नाक्याच्या डांबरावर चार पावलं पळत गेली, कोपऱ्यावर कोणीतरी उभं असल्यासारखा हात लावला आणि वळली. मागून रिक्षा येत होती. रिक्षावाल्याने ब्रेक दाबला आणि हॉर्न न वाजवता थांबून राहिला. मुली खाली वाकून तिच्या पायाकडे बघत होत्या. मीही वाकले.

"परत एकदा," मी म्हटलं.

तिने परत करून दाखवलं.